दोघांनी एकच फॉर्म उघडला तर: इफ-मॅच हेडर कसा लावायचा

कंडिशनल रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरला अट घालून केलेली विनंती, म्हटलं की सगळ्यांना 304 (‘बदल नाही’) हा कोड आठवतो. ब्राउझर इफ-नन-मॅच हेडरमध्ये जुना ईटॅग (आवृत्तीची खूण) पाठवतो, काही बदललेलं नसेल तर सर्व्हर बॉडीशिवाय 304 देतो, डाउनलोड वाचतं. ते लावाच. पण मला रात्री जागवलं ते इफ-मॅच नसल्याने. ‘ईटॅग अजून हाच असेल तरच लिही’ असं सर्व्हरला सांगणारा तो हेडर.

एकाच ग्राहकाचा फॉर्म दोघांनी उघडला होता. एकाने पत्ता बदलून सेव्ह केला. दुसऱ्याने फक्त फोन नंबर बदलला, पण त्याच्या फॉर्ममध्ये पत्ता जुनाच होता आणि पुटने (अख्खी नोंद लिहिणाऱ्या विनंतीने) तोही लिहून टाकला. लॉगमध्ये दोन्हीकडे 200, एरर कुठेच नाही. कारण सापडायला दोन दिवस गेले.

उपाय सोपा आहे. टेबलात व्हर्जन नावाचा एक पूर्णांक कॉलम घाला आणि गेटच्या (नोंद वाचणाऱ्या विनंतीच्या) उत्तरात तोच ईटॅग म्हणून द्या: "7". ही अवतरणचिन्हं ईटॅगचाच भाग आहेत, काढू नका. क्लायंटने तो जसाच्या तसा जपायचा आणि पुटसोबत इफ-मॅचमध्ये परत पाठवायचा.

सर्व्हरवर आधी व्हर्जन वाचून, ताडून, मग लिहायला जाऊ नका. तेवढ्या फटीत दुसरा घुसतो. एकाच अपडेटमध्ये उरका: आयडी 42 आणि व्हर्जन 7 असेल तरच लिही, आणि व्हर्जन 8 कर. रेकॉर्ड आहे पण बदललेल्या ओळी शून्य, म्हणजे 412 (अट फसली). जमलं तर उत्तरात नवा ईटॅग द्या, नाहीतर त्याच माणसाचा पुढचा सेव्ह अडकेल. सर्व्हर आलेल्या डेटात स्वतः काही फेरफार करत असेल, तर क्लायंटला नव्याने गेट करायला लावा.

इफ-मॅच आलाच नाही तर 428 (अट घालणं आवश्यक) द्या. तो याच कामासाठी 2012 मध्ये आला. आणि 412 मिळाल्यावर नवा ईटॅग आणून गुपचूप तोच पुट पुन्हा मारणारा क्लायंट लिहू नका. मी पाहिलाय तसा. मग हा सगळा खटाटोप कशाला? दोन्ही नोंदी माणसासमोर ठेवा, ठरवू दे त्याला.

तारखेवर चालणारा इफ-अनमॉडिफाइड-सिन्स मी इथे वापरत नाही. त्याची बारकाई एका सेकंदापुरतीच. त्याच सेकंदातले दोन बदल त्याला एकच दिसतात.

आता खरी ठेच. टेस्टमध्ये सगळं हिरवं, प्रॉडक्शनवर मात्र प्रत्येक सेव्हला 412. क्लायंट आणि सर्व्हर यांच्या मधला प्रॉक्सी उत्तर जीझिप (कॉम्प्रेस) करताना ईटॅगपुढे डब्ल्यू आणि तिरकी रेघ लावत होता, म्हणजे तो वीक (‘तंतोतंत तेच असेल असं नाही’) करत होता. इफ-नन-मॅचला वीक चालतो. इफ-मॅचची तुलना स्ट्राँग असते, तिथे वीक ईटॅग कधीच जुळत नाही. मी त्या एपीआयपुरतं कॉम्प्रेशन बंद केलं. तुमच्या टेस्टमध्ये ॲक्सेप्ट-एन्कोडिंग: जीझिप हा हेडर जातोय ना, ते बघा. माझ्यात जात नव्हता.