पावसातल्या मुक्कामासाठी स्लीपिंग बॅग घेताना

जून लागला की आमच्याबरोबर ट्रेकला नव्यानं येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती डिग्रीची स्लीपिंग बॅग घेऊ?" जुलैत पन्हाळा ते पावनखिंड आणि ऑगस्टमध्ये हिमाचलात हम्प्ता पास, असे दोन बेत बहुतेकांच्या मनात असतात. दोन्हीकडे एकच बॅग चालावी अशी इच्छाही असते. मी आधी एवढंच विचारतो, दुसऱ्या रात्री ती बॅग कोरडी कशी राहणार? त्याचं उत्तर तयार असेल तर डिग्रीचं बोलू. म्हणून ही यादी दुकानापासून सुरू होत नाही, पावसापासून सुरू होते.

आपल्या पावनखिंडीच्या वाटेवर थंडीचा आकडा भीतीदायक नसतो. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून याच वाटेनं विशाळगडाकडे निघाले, म्हणून आपणही ऐन पावसातच ती चालतो. पन्हाळा सोडून मसाई पठारावर आलं की वारा आडवा झोडपतो, पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडीपर्यंत चिखल, ओढे आणि भातखाचरं. रात्री पारा सहसा १८–२० च्या आसपास राहतो. पण दिवसभर भिजलेलं अंग, ओले कपडे आणि वारा एकत्र आले की त्याच १८ डिग्रीत दात वाजायला लागतात. अंगाचं तापमान धोक्याइतकं खाली जायला बर्फ लागत नाही, पाणी आणि वारा पुरतात. हम्प्ताचं गणित निराळं. खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे, अलीकडे कुल्लूची हिरवी, पावसाची बाजू आणि पलीकडे लाहौलची कोरडी. वरच्या मुक्कामांवर ऑगस्टमध्येही रात्री शून्याच्या जवळ जाऊ शकतात, आणि तिथं पोचेपर्यंत दोन दिवस पावसात काढलेले असतात.

तेव्हा पहिलं ठरवायचं ते बॅगेच्या आत काय भरलेलं आहे. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची मऊ पिसं. वजनाच्या मानानं त्यांच्याइतकी ऊब दुसरं काही देत नाही, आणि दाबली की बॅग मुठीएवढी होते. लेबलवर ६५०, ८०० असे आकडे असतात. साधारण २८ ग्रॅम पिसं फुलून किती घनइंच जागा घेतात, ते त्यावरून कळतं. ऊब मुळात त्या फुगण्यातच आहे, कारण पिसांच्या मधे अडकलेली हवाच आपल्याला गरम ठेवते. भिजलं की पिसं एकमेकांना चिकटतात, फुगवटा जातो आणि बॅग म्हणजे नुसतं दोन पदरी कापड उरतं. सिंथेटिक म्हणजे पॉलिस्टरचे तंतू. ते जड, दाबायला आडमुठे, आणि काही वर्षांनी बसतात. पण भिजले तरी बराच फुगवटा धरून ठेवतात, आणि पिसांपेक्षा खूप लवकर वाळतात.

हे मी वाचून शिकलो नाही. माझी पहिली बॅग डाउनची होती, हलकी म्हणून घेतलेली. पावनखिंडीच्या वाटेवर पहिल्याच दिवशी सॅकच्या पाठीकडून पाणी झिरपलं आणि वाडीत मुक्कामाला पोचल्यावर बॅग उघडली, तर पिसांचे ओल्या कणकेसारखे गोळे झालेले. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आज्जींनी ती बॅग चुलीपासून लांब टांगली, मला कोरडी लुंगी दिली आणि माळ्यावरचं काळं घोंगडं काढून अंगावर टाकलं. "हे भिजलं तरी गरमच असतंय बघ," म्हणाल्या. खरंच होतं ते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. आपल्याकडचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या पावसात मेंढरांमागं याच भरवशावर राहिलेत. घोंगडं पाठीवर वाहून नेण्याइतकं हलकं असतं तर मी आज ही यादी लिहिली नसती.

त्यामुळं माझं मत ठाम आहे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत जाणार असाल तर सिंथेटिकच घ्या. पिसांवर पाणी न धरणारी प्रक्रिया केलेली डाउन मिळते, ती साध्यापेक्षा बरी, पण ती वेळ वाढवून देते, पाणी थांबवत नाही. डाउनसाठी डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीतले ट्रेक आहेत.

आता डिग्री. चांगल्या बॅगेवर आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे (जुन्या बॅगांवर ईएन १३५३७) तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्टला लवकर थंडी वाजणारी व्यक्ती सैल पडून आरामात झोपू शकते. लिमिटला तुलनेनं कमी थंडी वाजणारी व्यक्ती अंग आखडून कशीबशी रात्र काढते. एक्स्ट्रीम हा झोपण्याचा आकडाच नाही, तिथं जीव वाचण्याची गोष्ट आहे, तीही काही तासांपुरती. बॅगेवर मोठ्या अक्षरात यातला कुठला आकडा छापलाय ते दुकानात उभं राहून नीट बघा, कारण पुष्कळदा कम्फर्ट लहान अक्षरात असतो. ही चाचणी गरम केलेला पुतळा, अंगात कपडे, खाली मॅट आणि कोरडी बॅग अशा अवस्थेत होते. आपण दमलेले, अर्धवट जेवलेले आणि ओलसर असतो. म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा कम्फर्टचा आकडा पाच डिग्री तरी खालचा धरा. पावनखिंडीला कम्फर्ट १० ते १२ ची भरपूर झाली. हम्प्ताला शून्य ते उणे पाच.

एकच बॅग दोन्हीकडे नेण्याचा मोह टाळा. दोन किलोची बॅग आपल्या दमट रात्री घामानंच आतून भिजते. त्यापेक्षा १० डिग्रीची हलकी सिंथेटिक स्वतःची घ्या आणि हम्प्ताला जाड बॅग भाड्यानं घ्या. ती डाउनची मिळाली तर आपली सिंथेटिक तिच्यावरून ओढा. याचा फायदा फक्त उबेचा नाही. रात्रभर अंगातून वाफ निघत असते, ती बाहेरच्या थंड थरात जाऊन पाणी होते. वरचा थर सिंथेटिकचा असेल तर ते पाणी तिथं साठतं आणि आतली पिसं कोरडी राहतात. मात्र वरची बॅग ऐसपैस हवी. आतलीला दाबून टाकली तर सगळंच फुकट. भाड्याच्या बॅगेला एक कापडी किंवा रेशमी लायनर (बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ) आपला असू द्या, स्वच्छतेसाठीही आणि थोड्या उबेसाठीही.

दुकानात बॅगेत शिरून आडवं व्हायला लाजू नका. पायाचा भाग ताणला जात असेल तर तिथला भराव दबतो आणि पाय गार पडतात. उलट फार मोठी असेल तर रिकामी जागा तापवण्यातच रात्र जाते. ममी आकाराचीच घ्या, म्हणजे खांद्याशी रुंद आणि पायाकडं निमुळती, डोक्याला टोपी आणि आवळायची दोरी असलेली. चेनच्या आतल्या बाजूनं जाड भरलेली पट्टी आहे का आणि चेन तिच्यात अडकते का, हे अंधारात, एका हातानं उघडून बघा. बाहेरच्या कापडावर दुकानदाराच्या परवानगीनं चार थेंब पाणी टाका. ते मोत्यासारखे थांबले तर ठीक, लगेच शोषले गेले तर बॅग ठेवून द्या. रंग कुठलाही चालेल.

मॅटचा खर्च वाचवणारे रात्री बॅगेला शिव्या देतात. अंगाखालचा भराव आपल्या वजनानं चेपतो, त्यात हवा उरत नाही, म्हणून जमिनीकडून येणारा गारठा अडवायचं काम पूर्णपणे मॅटचं. चांगल्या मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते. जितकी जास्त तितकी ऊब, आणि दोन मॅट एकावर एक घातल्या तर दोघींची बेरीज होते. हम्प्ताला तीन ते चारपर्यंत जाऊ द्या. सह्याद्रीत साधी फोमची कॅरीमॅट पुरते, पण शेणानं सारवलेल्या किंवा फरशीच्या ओल्या जमिनीवर तिच्याखाली ताडपत्रीचा तुकडा पसरा.

सगळ्यात महत्त्वाचं काम निघण्याच्या आदल्या रात्रीचं. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडच्या पट्ट्यांतून आणि मानेकडून आत येतं, कव्हर तिथं नसतंच. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून जाड पॉलिथिनच्या मोठ्या पिशव्या आणा. एक सॅकला आतून अस्तरासारखी लावा. स्लीपिंग बॅग दुसऱ्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड पिळून दुमडून बांधा आणि सॅकच्या तळाशी ठेवा. तिच्याबरोबर झोपण्याचे कपडे: एक लांब बाह्यांचा बनियन, एक पायजमा, लोकरीचे मोजे, कानटोपी. हा जोड चालताना कधीही, कितीही भिजलात तरी पिशवीतून बाहेर काढायचा नाही. सकाळी पुन्हा ओले कपडे अंगात चढवताना जीवावर येतं, पण दहा मिनिटं चाललं की ते अंगावरच तापतात. कोरडा जोड मात्र एकदा भिजला की पुढच्या रात्रीचा आधारच गेला.

मुक्कामी पोचलं की आधी ओले कपडे उतरवून अंग पुसायचं, मग मॅट, मग बॅग उघडून अर्धा तास फुगायला ठेवायची. टेंटच्या खिडक्या थोड्या उघड्याच ठेवा. बंद केल्या की श्वासाची वाफ कापडावर जमते आणि बॅगेच्या पायथ्याला लागून ती आत शोषली जाते. पायथ्यावर रेनकोट उलटा पांघरला तर बरंच वाचतं. तोंड बॅगेत घालून झोपू नका, श्वासातली ओल थेट भरावात जाते. झोपण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खा. पोटात इंधन नसेल तर बॅग कसली ऊब धरून ठेवणार? गरम पाण्याची झाकण घट्ट असलेली बाटली मोज्यात घालून मांड्यांमधे ठेवली की पाय लवकर तापतात.

बरोबरच्या कुणाला सतत हुडहुडी भरत असेल, बोलणं अडखळत असेल, तर त्याला एकट्याला बॅगेत कोंबून मोकळं होऊ नका. थंड पडलेलं अंग बॅग तापवू शकत नाही. ओलं सगळं काढा, कोरडं घाला, शुद्धीवर असेल तर गोड चहा पाजा आणि शेजारी चिकटून झोपा. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्तावत चालला, तर तो सुधारला असं समजू नका. त्याच क्षणी मदत बोलवा आणि त्याला खाली न्यायची तयारी करा.

परत आल्यावर ऊन पडायची वाट बघत बसू नका. जुलैत कोल्हापुरात ते कधी पडेल याचा भरवसा नाही. बॅग उलटी करून घरातल्या पंख्याखाली दोन दिवस पसरा, अधूनमधून हलवा. कुबट वास येईपर्यंत लहान पिशवीत दाबून ठेवलेली बॅग पुढच्या वर्षी उपयोगाची राहत नाही, म्हणून ती कपाटात मोकळी टांगा. धुणं मात्र लांबवा. नवरात्राआधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो. उघडीप बघून सौम्य साबणानं टबात तुडवून धुवा, पिळू नका, दोरीवर न लटकवता खाटेवर आडवी वाळवा.