मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा कसा काढायचा

जुना लॅपटॉप चालू व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं घेतोय, फोल्डर उघडला की सगळं अडकतंय, तर बऱ्याचदा डिस्कच जात असते आणि लोक मात्र विंडोजला शिव्या घालत बसतात. आधी लॅपटॉप बंद करा. स्कॅन नको, डिफ्रॅग (फाइल्सची मांडणी नीट करणं) नको, आणि चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) तर अजिबात नको. चालू होताना ते आपोआप सुरू व्हायला लागलं तर लगेच कुठलंही बटण दाबून थांबवा, कारण ते फाइल सिस्टिम सरळ करायला बसतं, तुमच्या फोटोंचं काय होतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, वर मरणाऱ्या डिस्कला तासन् तास रगडतं ते वेगळंच.

मग कान लावा. ठराविक अंतराने टक टक येत असेल तर बहुधा आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) गेलंय, इथे घरचे उपाय संपले, डेटा महत्त्वाचा असेल तर क्लीनरूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या रिकव्हरी लॅबकडेच द्या. झाकण उघडून बघायचं नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारा एकतरी काका भेटतोच, पण बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

आवाज नसेल तर डिस्क काढा आणि सॅटा टू यूएसबी केबल (काढलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारी) आणा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. फारच जुना लॅपटॉप असेल तर डिस्क आयडीई (सॅटाच्या आधीची जोडणी) पिनांची निघेल, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणून डिस्क सोबतच न्या. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर विंडोजने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर कॅन्सल. माझं मत विचाराल तर विंडोज नकोच, पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून इन्स्टॉल न करता 'ट्राय' मोडमध्ये चालवा.

डिस्क अजून बऱ्यापैकी वाचतेय आणि मोजक्याच फाइल्स हव्यात? मग सरळ कॉपी करा, पण आधी लहान आणि महत्त्वाचं: कागदपत्रं, हिशोब (टॅली या हिशोबाच्या प्रोग्रामचा डेटा बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो), मग फोटो. पिक्चर आणि गाणी शेवटी. एखादी फाइल अडकली की सोडून पुढे जा, तिच्यासाठी हट्ट धरला तर बाकीच्याही जातील.

सारखी अडकत असेल तर डीडीरेस्क्यू. हा फुकटचा प्रोग्राम अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढतो, आधी चांगला भाग उचलतो आणि खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) नंतरसाठी ठेवतो. मॅप फाइलचं (कुठवर वाचून झालं याच्या नोंदीचं) नाव दिलंच पाहिजे, मग मधे लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. कमांडमध्ये जुनी डिस्क आधी आणि नवी जागा नंतर, हे उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल, तेव्हा एंटर मारण्याआधी दोनदा वाचा. ५०० जीबीची डिस्क असेल तर आत ८० जीबीच भरलेलं असलं तरी जागा ५०० पेक्षा जास्तच लागते, आणि ती नवी डिस्क फॅट३२ प्रकारे फॉरमॅट केलेली नको, तिथे ४ जीबीच्या वर फाइल मावत नाही.

इमेज झाली की मूळ डिस्क बाजूला. टेस्टडिस्क, फोटोरेक असे फाइल्स परत मिळवणारे जे काय प्रोग्राम चालवायचे ते इमेजवर, फोटोरेकमध्ये फाइल्सची मूळ नावं बहुतेक जातात, त्यामुळे नंतर उघडून उघडून बघत बसायची तयारी ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते का बघा.

आणि विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही आठवणीने उचला. श्रीलिपी नाहीतर जुन्या सुरेख या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं आणि लग्नपत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली.