संगीत मासिक मोबाइलवर आणायचंय? सुरुवात कुठून करायची ते सांगते

इंग्लंडच्या एनएमई या संगीत साप्ताहिकाने २०१८ मध्ये साप्ताहिक छापणं थांबवलं आणि २०२३ मध्ये दर दोन महिन्यांनी परत छापायला घेतलं, म्हणजे कागद मेला असं मुळीच नाही, पण रोजचं वाचन आता फोनवरच होतं, आपल्या दादर-ठाणे लोकलमध्ये बघा ना.

तर आधी जुने अंक. ते पावसाळ्याआधी स्कॅन करा, मुंबईच्या दमट हवेत पानं चिकटतात. स्कॅनची स्पष्टता ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवा, मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. मराठी ओसीआर आता बऱ्यापैकी चालतं, तरी रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायचीच. स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे लिहून ठेवलेले स्वर, मात्र ओसीआरला अजिबात देऊ नका!! भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली टिंब आणि तारसप्तकाला वर, आणि यातली एक रेघ जरी गेली की कोमल गंधार शुद्ध होतो, रागच बदलतो. म्हणून स्वरलिपीतली बंदिश (रागात बांधलेली रचना) चित्र म्हणूनच टाका आणि खाली कुणाकडून तरी गाऊन घेतलेली मिनिटभराची ऑडिओ क्लिप जोडा, कागदावर हे कधीच जमलं नसतं, मला तर यातच सगळी मजा वाटते.

छपाईसाठी संगणकावर केलेल्या जुन्या डीटीपी फाइली श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत बदला, नाहीतर सर्चमध्ये काहीच सापडणार नाही.

आणि लेखकांची परवानगी लेखी घ्या. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं असतो, तेव्हा गेलेल्यांच्या घरच्यांना विचारा.