'बरं' या एका शब्दाचा प्रयोग

पक्षाघातानंतर बाबांकडे एकच शब्द उरला होता: 'बरं'. भूक लागली, राग आला, दिवा घालव, सगळ्याला 'बरं'. ते गेल्यावर दोनच महिन्यांत मी त्यावर एकपात्री लिहून काढलं. २८ पानं. ओळखीतल्या नऊ जणांसमोर वाचन ठेवलं, तर मीच हमसून रडले आणि ते अवघडून बसले. एकीने उठून मला पाणी दिलं. प्रेक्षक तुम्हाला सांभाळायला लागला की प्रयोग संपला म्हणून समजा.

तेव्हा स्वतःच्या दुःखावर प्रयोग करायचा असेल तर आधी थांबा. किती, ते कॅलेंडरवरून ठरत नाही. आपण त्या गोष्टीत कुठे वाईट वागलो, हे सबबी न देता सांगता येतंय का ते पाहा. मला वर्षभर येत नव्हतं. घर विकायच्या कागदावर बाबांचा अंगठा हवा होता. मी विचारलं, "चालेल ना?" ते म्हणाले, "बरं." मला सोयीचा तो अर्थ मी घेतला. नाटक इथे होतं. माझ्या २८ पानांत याची एक ओळ नव्हती.

मग लिहायला बसू नका, बोला. स्पॉल्डिंग ग्रे हा अमेरिकन कलावंत टेबल, वही आणि पाण्याचा ग्लास एवढ्यावर आपलं आयुष्य सांगायचा. आधी पाठ केलेली संहिता नसायची. मुद्द्यांवरून बोलायचा, प्रयोग टेप करायचा, ऐकून पुढच्या वेळी बदलायचा. मी फोनवर रेकॉर्ड करत ११ वेळा बोलले. दर वेळी न आठवता आपोआप आलं ते ठेवलं. सहा पानं उरली.

त्यातली भावनांची वाक्यं काढून हाताला काम द्या. 'मी असहाय होते' हे वाक्य गेलं, त्याजागी बाबांची दाढी आली: रिकामी खुर्ची, वाटीत फेस, ब्रश. हवेत कुणाच्या तरी हनुवटीखाली ब्रश फिरवताना मला काहीच बोलावं लागत नाही. करुण संगीत नको. खरंच नको.

जिवंत माणसांना आधी ऐकवा. आईने एक प्रसंग काढायला सांगितला. चांगला होता, काढला.

प्रेक्षकाला गोष्टीत ओढायचं असेल तर दारातच विचारा, सगळं सांगून. नाही म्हणाला तर दुसरा. मी कडेच्या खुर्चीवरच्या एकाला सांगून ठेवते: मी काहीही विचारलं तरी 'बरं' म्हणायचं, नाहीतर गप्प राहायचं. सुरुवातीला विचारते, "पंखा लावू?" "बरं." "बंद करू?" "बरं." लोक हसतात. अर्ध्या तासाने त्याच माणसापुढे कागद धरते: "चालेल ना?" आता तो 'बरं' म्हणतो तेव्हा कुणी हसत नाही. या दोन प्रश्नांमधलं अंतर तालमीत खूप घासलं. २० मिनिटांत जमेना, कारण लोक हसणं विसरलेले नसत.

चौथ्या प्रयोगात समोरच्या बाई गप्प राहिल्या. ही सूट मीच दिलेली, पण पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी कागद धरून उभी राहिले, बराच वेळ. मग त्याची घडी घातली आणि ब्रश धुवायला घेतला. आता त्या गप्प बसण्याचीही तालीम करते.