ठाण्याहून जुन्नरची लेणी पाहायला निघताना या चुका टाळा

ठाण्यातून माळशेजमार्गे जुन्नरला जाणारी बहुतेक कुटुंबे लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, शिवनेरीला जाऊन येतात आणि अंधार पडायच्या आत परतीला लागतात. या दर्शनात गैर काहीच नाही. मात्र ज्या तालुक्यात चार-पाच डोंगरांवर मिळून शेकडो लेणी कोरलेली आहेत, तिथून एकच लेणे पाहून परतणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते, कारण बाकीच्या बऱ्याच चुकाही याच घाईतून होतात.

लेण्याद्रीचेच पाहा. साधारण तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर आपण ज्या प्रशस्त दालनात गणपतीसमोर उभे राहतो, ते ७ क्रमांकाचे लेणे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. आधाराला मध्ये एकही खांब नसलेले ते दालन आणि भोवतीच्या वीस लहान खोल्या म्हणजे पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहण्यासाठी खडकात खोदलेले घर होय. दर्शन झाले की लोक तडक खाली उतरतात आणि शेजारचे ६ क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, राहून जाते. त्या चैत्यगृहावरील ब्राह्मी लेख सांगतो की, ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दान दिले. जवळच्याच एका पाण्याच्या टाक्यावर, म्हणजे लेखातील शब्दात ‘पोढी’वर, कल्याणच्या संघक नावाच्या सोनाराचे नाव आहे. आपण ज्या कल्याण-मुरबाड रस्त्याने तिथवर पोहोचतो, त्याच बाजूने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी घाट चढून येत होते, हे कळल्यावर ठाणेकराला ती दालने परकी वाटत नाहीत. म्हणून लेण्याद्रीसाठी किमान तीन तास ठेवावेत आणि शक्य असल्यास जुन्नरला एक रात्र मुक्काम करावा. ठाण्याहून जुन्नर साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटरवर असल्यामुळे, कल्याणची कोंडी धरून, पहाटे पाचला निघालेला माणूसही नऊच्या सुमारास पोहोचतो आणि एका दिवसात सगळे उरकायचे ठरवले तर काहीच नीट पाहून होत नाही.

दुसरी चूक आमच्याच घरात घडली. आईला नाणेघाट, म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणारा प्राचीन घाट, दाखवायचा म्हणून मोबाइलवरील नकाशात केवळ ‘नाणेघाट’ असे टाकून आम्ही निघालो आणि मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाजवळ, घाटाच्या कोकणाकडील पायथ्याशी जाऊन थांबलो. तिथून वर जायला दोन-अडीच तासांची खडी पायवाट आहे. आईचे गुडघे ती चढणे शक्य नव्हते, त्यामुळे तिला खालूनच कडा पाहून समाधान मानावे लागले. नाणेघाटाला दोन वाटा आहेत, ही साधी गोष्ट आम्ही आधी विचारून घेतली नव्हती. ज्यांना चढायचे आहे त्यांनी वैशाखरे गाठावे. ज्येष्ठ आणि लहान मुले सोबत असतील त्यांनी नकाशात जुन्नरच्या पश्चिमेकडील घाटघर गाव टाकावे, कारण त्या बाजूने गाडी जवळजवळ घाटाच्या तोंडापर्यंत जाते. जुन्नरहून हे अंतर तीसेक किलोमीटर आहे.

वर पोहोचल्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण सगळेच पाहतात. पण त्यापेक्षा मोलाचा ऐवज घाटातील गुहेत आहे. सातवाहन राणी नागणिकेचा दीर्घ लेख तिथे दोन भिंतींवर असून त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे आणि भारतातील अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी काही त्यात आढळतात. समोरच्या भिंतीवर एके काळी राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या. आता त्यांची नावे आणि पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. अक्षरे दिसत नाहीत म्हणून लोक त्यावर पाणी मारतात, खडू फिरवतात किंवा बोटांनी घासतात, आणि यामुळे झिजलेला दगड पुन्हा भरून येत नाही. अक्षरे दिसत नसतील तर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. तिरप्या उजेडात खोलगट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि ओळी उठून दिसतात. लेण्याद्रीच्या अंधाऱ्या खोल्यांतही हाच उपाय लागू पडतो, म्हणून मोबाइलच्या उजेडावर विसंबून न राहता चांगला टॉर्च सोबत घ्यावा.

जुन्नरजवळच, पाडळीच्या बाजूला, तुळजा लेणी आहेत आणि तिथे गर्दी नसते. घुमटाकार छताखाली स्तूप आणि भोवती गोलाकार उभे बारा खांब असे तिथल्या चैत्यगृहाचे दुर्मीळ रूप आहे. माझे मत विचाराल तर, वेळ अपुरा पडत असेल तेव्हा दुसरे काही वगळावे, पण तुळजा वगळू नये.

ऋतूची निवडही चुकते. भर पावसात माळशेजला दरडी कोसळतात, धबधब्यांजवळ प्रवेशबंदीचे आदेश निघतात आणि लेण्यांच्या पायऱ्या शेवाळतात. खडकातल्या दोन थरांच्या सांध्यांतून पाणी झिरपत असल्याने लेण्यांच्या आतही ओल असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. टाक्यातले पाणी पिऊ नये, आपले पाणी आपण न्यावे.

मधमाश्यांना मात्र कोणत्याही ऋतूत हलके घेऊ नये. लेण्याद्री आणि शिवनेरीच्या कड्यांवर आग्या मोहळे असतात आणि पर्यटकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. अत्तर, धूर, फटाके, आरडाओरडा आणि ड्रोन या सगळ्यांनी माश्या बिथरतात. हल्ला झालाच तर हात झटकत उभे राहू नये. चेहरा आणि मान ओढणीने किंवा पंचाने झाकून, पायऱ्यांवर तोल सांभाळत, पोळ्यापासून लवकर दूर जावे. काटा चिमटीत धरून ओढण्यापेक्षा नखाने खरवडून काढावा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

संध्याकाळी उसाच्या शेतांकडेच्या आडवाटांनी पायी फिरू नये, कारण या तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे. लहान मुलांना तर मुळीच पुढे धावू देऊ नये.

शेवटचा मुद्दा निव्वळ खडकांचा आहे. लेणी पाहायला आलेले लोक या भागातील निसर्गाने कोरलेले खडक पाहत नाहीत. अणे घाटात गुळुंचवाडीजवळ ओढ्याने खडक पोखरून तयार झालेला नैसर्गिक पूल महामार्गाच्या लगत आहे, पण धावत्या गाडीतून तो दिसत नाही. थांबून, विचारून, खाली उतरावे लागते. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे मात्र याच सहलीत कोंबू नयेत, त्यांना वेगळा दिवस द्यावा. प्रवाहात अडकलेले दगडगोटे गरगर फिरून बसाल्टमध्ये ते खळगे पडले आहेत. त्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि वरून उथळ दिसणारे पाणी आत पुष्कळ खोल असते. तिथे पोहायला उतरू नये, काठावर वाकून फोटो काढू नये आणि नदीला पाणी सोडलेले असेल तर खडकांवर न जाता काठावरूनच पाहावे.