खिडकीचा एसी बसवताना

शिकागोत भाड्याच्या घरात १५० ते २५० चौरस फुटांच्या बेडरूमला ६,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे गार करण्याच्या क्षमतेचं माप) एसी पुरतो. मोठा घेतलात तर खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर लगेच थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. जुलैतला खरा वैताग तोच. बसवायला दोघं हवीतच. एकाने एसी धरून ठेवायचा, दुसऱ्याने खिडकीची वर-खाली सरकणारी खालची चौकट एसीच्या वरच्या पट्टीमागे घट्ट खाली ओढून एल आकाराच्या पट्टीने स्क्रू करायची. तोवर हात सोडू नका. मागची बाजू किंचित खाली झुकलेली हवी, नाहीतर पाणी घरात येतं. खिडकीच्या वरच्या आणि खालच्या चौकटींमधली फट फोमने बुजवा. डास तिथूनच शिरतात. एक्स्टेन्शन कॉर्ड नको, तापते. एसीची फिल्टरची जाळी दर पंधरवड्याला धुवा.