तान्ह्या बाळाच्या जांघेतला हर्निया: या चुका टाळा

बाळ कुंथलं की जांघेत सुपारीएवढा फुगा येतो, झोपलं की जातो. ‘गेला ना आपोआप’ म्हणून विषय मिटवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फुगा गेला म्हणजे उतरलेलं आतडं पोटात परतलं, पोटातून जांघेत येणारी वाट उघडीच राहिली. ही वाट जन्माआधीची आहे, ती पुढे आपोआप बुजेल म्हणून थांबायचं नसतं. बेंबीचा हर्निया मात्र बहुधा ४-५ वर्षांत भरून येतो. शेजारणीचा ‘थांबा थोडं’ हा सल्ला तिथला. रुपया बांधणं तर दोन्हीकडे निरुपयोगी.

‘मोठं झाल्यावर बघू’ हेही उलटंच. आतडं अडकण्याचा धोका पहिल्याच वर्षात सर्वाधिक असतो, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना आणखी जास्त. अडकलेलं आतडं सुजतं, सुजेमुळे आणखी आवळतं, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते काळं पडू शकतं. मुलग्यांमध्ये वृषणाच्या रक्तवाहिन्याही त्याच वाटेने जातात. त्या चेपल्या की आतडं वाचलं तरी वृषण सुकू शकतं. मुलींमध्ये बऱ्याचदा बीजकोश उतरतो. छोटी, न दुखणारी गाठ ‘अवधाण’ (जांघेत येणारी साधी सूज) समजून महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहते.

टॉर्च लावून ‘उजेड आरपार दिसतो, फुग्यात नुसतं पाणीच आहे, आतडं नाही’ हे घरी ठरवू नका. तान्ह्याचं आतडंही इतकं पातळ असतं की त्यातूनही उजेड दिसतो.

फुगा कडक झाला, आत जात नाही, बाळ पाय पोटाशी घेऊन रडतंय, हिरवी उलटी होतेय, पोट फुगलंय: मालिशवाल्या बाईंकडून तेल लावून तो ‘बसवून’ घेऊ नका, ग्राइप वॉटरही नको. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बाळ शांत व्हावं म्हणून दूध पाजलं जातं, तेही टाळा. भूल देताना पोट रिकामं लागतं. शेवटचं दूध किती वाजता पाजलं तेवढं लिहून ठेवा. हॉस्पिटलला निघतानाच फोन करून विचारा: बालशल्यचिकित्सक आणि तान्ह्यांना भूल देणारे डॉक्टर आत्ता आहेत का? नाहीतर कासारवडवलीहून आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये, मग कळव्याच्या, मग मुंबईत परळच्या मोठ्या हॉस्पिटलात, यातच तास जातात.

अडकलेलं आतडं डॉक्टरांनी हाताने आत बसवलं की ‘झालं बरं’ म्हणून घरी नेऊ नका. सूज उतरायला साधारण २४ ते ४८ तास देऊन शस्त्रक्रिया करतात. हर्नियाची पिशवी (आतडं उतरतं ती) मुळाशी बांधतात, मोठ्यांसारखी जाळी लागत नाही. वेळेआधी जन्मलेल्या लहानग्यांना भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी रात्रभर देखरेखीची सोय आधीच विचारून घ्या.

ओपीडीत नेमका फुगा गायब असतो. रडताना, डायपर काढून, मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.